सासूबाईंचा चार ऋतूंचा बेत

तिचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते आता फक्त पगाराच्या पावतीवर आणि दवाखान्याच्या फायलीवर उरलं होतं. घरीदारी सगळे तिला भागूबाई म्हणत. 'भित्री भागूबाई'मधलं 'भित्री' कधीच गळून पडलं होतं, कारण ते वेगळं सांगायची कुणाला गरज वाटत नव्हती. नाव ठेवलं ते सासूबाईंनी, लग्नानंतर आठव्या दिवशी. नवी सून गॅस बंद आहे की नाही ते बघायला तीनदा स्वयंपाकघरात जाऊन आली, तेव्हा सासूबाई वर्तमानपत्राआडून म्हणाल्या, "चौथ्यांदा जाशील तेव्हा येताना माझा चष्मा घेऊन ये, भागूबाई."

सून रागावली नाही. तिला उलट बरं वाटलं. निदान लपवायची कटकट मिटली.

भागूबाई चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर असलेल्या एका प्रवास कंपनीत काम करायची. चार टेबलं, एक खिडकी, भिंतीवर जगाचा नकाशा आणि नकाशाखाली एक पंखा, जो सुरू केला की नकाशाचा खालचा कोपरा फडफडायचा. लोक यायचे, कुठे जायचंय ते सांगायचे, आणि भागूबाई त्यांच्या सहलीचा बेत आखून द्यायची. या कामात तिचा हात कुणी धरू शकत नसे. कारण साधं होतं. प्रवासात जे जे वाईट होऊ शकतं ते तिच्या डोळ्यांपुढे आपोआप यायचं. गाडी चुकली तर पुढची किती वाजता, पायऱ्यांना कठडा आहे का, दरीच्या बाजूची खिडकी कुठली आणि तिथे बसायचं नसेल तर तिकीट काढताना काय सांगायचं, हे सगळं तिच्या कागदावर असायचं. गिऱ्हाईक म्हणायचे, बाई जगभर फिरलेल्या दिसतात. बाई माहेरापलीकडे कुठे गेल्या नव्हत्या, आणि माहेर रेल्वेने दोन तासांवर होतं.

तर अशा बाईच्या घरात एका रविवारी जेवणं झाल्यावर सासूबाईंनी विषय काढला.

सासूबाई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. उंचीने सुनेच्या खांद्यापर्यंत, पण आवाज असा की तीन घरं पलीकडचं माणूस 'ओ' देईल. टेलिफोन खात्यात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली होती. लांबच्या गावांचे फोन जोडून द्यायचे. त्या काळात हिवाळ्यात एका डोंगराळ गावाहून फोन यायचे. बर्फाचं गाव, श्रीमंतांचं. लोक तिथे पायाला फळ्या बांधून उतारावरून घसरायला जायचे आणि संध्याकाळी हॉटेलातून घरी फोन करायचे.

"त्या गावाचा फोन लागला की मागे कुणीतरी हसत असायचं," सासूबाई म्हणाल्या. "बाकी गावांच्या फोनमागे भांडी वाजायची, पोरं रडायची. तिथे नेहमी हसणं. मला ते गाव बघायचंय."

"जाऊ की आई," मुलगा म्हणाला. "उन्हाळ्यात चार दिवस जाऊन येऊ."

"चार दिवस नाही. एकदा जाऊन येणं म्हणजे फोटो बघितल्यासारखं. मला ते गाव वर्षभर बघायचंय. बर्फात, बर्फ वितळताना, भर उन्हाळ्यात आणि पानं झडताना. चार वेळा जाईन, तीन-तीन आठवडे राहीन. एकटी. सोय मी माझी केलेली आहे, तुम्ही खिशात हात घालू नका. फक्त बेत आखायचा आहे, आणि तो हिने आखायचा." त्यांनी सुनेकडे बोट केलं. "परक्यांचे आखते, घरच्यांचा एक आखू दे."

भागूबाई हळूच म्हणाली, "आई, आधी उन्हाळ्यात जा ना. हिवाळा शेवटी ठेवू."

"घाबरायचंच असेल तर मोठ्या गोष्टीला आधी घाबरून घ्यावं. हिवाळा पहिला."

हा मुलगा म्हणजे भागूबाईचा नवरा. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या बोगद्यांत लोंबकळणारा माणूस, घरात मोजकंच बोलायचा. झोपायच्या आधी पाय पुसता पुसता तो म्हणाला, "आईचं तिकडे काही बरंवाईट झालं, तर मी तुला काही म्हणणार नाही."

आता हे वाक्य त्याने धीर द्यायला म्हटलं होतं. पण भागूबाईला वाटलं, त्यापेक्षा याने दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पुढचे दोन महिने तिने त्या गावाशी असा संसार केला की विचारू नका. दोनशे पानी वही घेतली. चार ऋतूंचे चार भाग पाडले. कुठल्या हॉटेलच्या दारात पायऱ्या आहेत, कुठली बस थेट दवाखान्यापाशी थांबते, कुठल्या रस्त्यावरचा बर्फ सकाळी आधी काढतात, सगळं तिने फोन करकरून विचारलं. मोठ्या हॉटेलांचे लोक गोड बोलायचे आणि काहीच सांगायचे नाहीत. शेवटी तिला एक छोटा लॉज सापडला. त्याची मालकीण खरखरीत आवाजाची होती, पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायची. "न्हाणीघरात धरायला दांडी आहे," ती म्हणाली. "दोन आहेत. तिसरी हवी असेल तर तुम्ही येऊन ठोका."

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी कुठे पाठवायचं यावर भागूबाई अडली. गावाच्या वरच्या अंगाला एक लाकडी चहाघर होतं. तिथून म्हणे सगळी शिखरं एका ओळीत दिसायची. जायला दोन रस्ते. एक रोपवे, म्हणजे तारेवरून सरकणारा काचेचा डबा, आणि दुसरी खालची वाट, झाडीच्या कडेकडेने, हळू चढाची, अर्ध्या तासाची. भागूबाईने रोपवेचं चित्र बघितलं आणि तिच्या तळपायांना घाम आला. एवढासा डबा, खाली काही नाही, आणि वर एक दोर. तिने खालची वाट निवडली. मग चहाघरवाल्याला तीनदा फोन केला. खुर्च्यांना पाठ आहे का, टेबल डगमगतं का, वाटेत बसायला बाकडं आहे का.

"आहे हो सगळं," तो म्हणाला. आवाज चाळिशीतल्या माणसाचा होता, जरा नाकातला. "सव्वा अकराचं टेबल तुमच्या आईंच्या नावाने ठेवतो. खुर्ची उन्हात."

"त्या एकट्याच येतायत. म्हातारं माणूस आहे. समजा पाच-दहा मिनिटं उशीर झाला, तर जरा बाहेर येऊन बघाल का?"

"बघेन की. त्यात काय."

तिने वहीत लिहिलं: *गुरुवार, साडेदहाला निघणे. खालची वाट. उजवी बाजू धरून चालणे.* आणि 'खालची वाट'खाली दोन रेघा मारल्या.

सासूबाई हिवाळ्यात गेल्या. स्टेशनवर लाल लोकरीची टोपी घालून खिडकीत बसल्या आणि गाडी सुटेपर्यंत समोरच्या प्रवाशाशी त्यांची मैत्रीसुद्धा झाली. रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन यायचा.

"आज काय केलंत आई?"

"तू लिहिलंस तेच गं."

"पायात घातलंत ना ते काटेरी, घसरू नये म्हणून दिलेलं?"

"घातलं. घोड्यासारखी टापा वाजवत हिंडतेय."

भागूबाईला वाटू लागलं की सगळं नीट पार पडतंय. आणि असं वाटू लागलं की तिला जास्तच भीती वाटायची.

तो गुरुवार उजाडला. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. भागूबाईसमोर एक नवीन लग्न झालेलं जोडपं बसलं होतं. त्यांना समुद्र हवा होता, पण वाळू नको होती. शेजारच्या टेबलावरची तिकीटवाली, म्हणजे ऑफिसात गाड्यांची तिकिटं काढणारी तिची मैत्रीण, मोबाइलवर काहीतरी वाचत होती आणि वाचता वाचता तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मग पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. भागूबाईने ते बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही. तू यांचं आटप आधी."

ही तिकीटवाली जन्मात कधी काही लपवू शकलेली नव्हती. भागूबाई उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिली. बातमी चार ओळींची होती. त्या बर्फाच्या गावाजवळ साधारण साडेअकराच्या सुमाराला डोंगरावरचा बर्फाचा कडा सुटून खालच्या वाटेवर कोसळला. वाटेवरचं एक चहाघरही त्यात सापडलं. किती माणसं अडकली ते कळलेलं नाही. आणि शेवटची ओळ: रोपवे सुरळीत चालू आहे.

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि त्या जोडप्याला म्हणाली, "खडकाळ किनारा चालेल का तुम्हाला?" तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. तिने फॉर्मवर त्यांची नावं लिहिली, तारीख लिहिली, आणि गावाच्या जागी लिहिलं 'खालची वाट'. नवरी मुलगी वाकून म्हणाली, "मावशी, हे काय लिहिलंत?" तेव्हा भागूबाईचे दात एकमेकांवर वाजायला लागले.

तिकीटवालीने जोडप्याला आपल्या टेबलाकडे नेलं. भागूबाईने फोन लावला. सासूबाईंचा मोबाइल सहा वेळा वाजला आणि मग ठरावीक आवाजातली बाई म्हणाली की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती उत्तर देत नाही. जणू ही बातमी होती. चहाघराचा नंबर लागतच नव्हता. लॉजचा फोन व्यस्त. तिने तो सतरा वेळा लावला. अठराव्यांदा मालकीण आली.

"तुमच्या आई ना? आठला खाली आल्या, नाश्ता केला. सव्वादहाला बाहेर पडल्या. लाल टोपी घालून. मी दारातच होते."

"कुठल्या बाजूला गेल्या?"

"डावीकडे," मालकीण म्हणाली. तिचा आवाज आता खरखरीत राहिला नव्हता. "खालच्या वाटेला डावीकडूनच जातात. पण बाई, बाजारातही डावीकडूनच जातात. मी तुम्हाला एक नंबर देते, लिहून घ्या. शोध घेणाऱ्यांचा आहे."

तो नंबर लागला. पलीकडचा माणूस भराभर विचारत होता आणि लिहून घेत होता, टाइप केल्याचा आवाज येत होता.

"वय?"

"एकाहत्तर."

"उंची?"

"माझ्या खांद्याला लागतात."

"बाई, तुमचा खांदा मला दिसत नाही."

तिने अंदाजाने सांगितलं.

"कोटाचा रंग?"

आणि भागूबाईला तो आठवेना. कोट तिनेच विकत आणला होता. तीन दुकानं हिंडून, अस्तर उलटं करून बघून, चेन वीस वेळा वरखाली करून. खिशात नाव, पत्ता आणि औषधांची चिठ्ठी तिने स्वतः ठेवली होती. चिठ्ठीतला शब्द न् शब्द आठवत होता. कोट आठवत नव्हता.

"गडद," ती म्हणाली. "गडद रंगाचा काहीतरी. टोपी लाल आहे."

"तुमचं नातं?"

"सून."

"जवळचं कोणी आहे का बोलायला?"

"मीच जवळची आहे," भागूबाई म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला उमगलं की आता नवऱ्याला सांगायला हवं. त्याचा मोबाइल बंद होता. लिफ्टच्या बोगद्यात उतरताना तो फोन बंद करून हत्यारांच्या पेटीत ठेवायचा, हा त्याचा नियम. आज तो कुठे आहे ते तिला माहीत होतं, चौकापलीकडच्या आठ मजली कचेरीत. ती जिना उतरली. रस्त्यावर ऊन होतं, लोक चालत होते, एक माणूस दुकानाच्या काचेत बघून केस सारखे करत होता. तिला त्या माणसाचा इतका राग आला की तिचं तिलाच नवल वाटलं.

कचेरीच्या तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि समोर 'काम चालू आहे' अशी पाटी होती. आत डबा नव्हता. काळोख होता, वंगणाचा वास होता आणि वर कुठेतरी बॅटरीचा उजेड हलत होता. भागूबाई त्या दारापासून नेहमी चार हात लांब राहिली असती. आज तिने एका हाताने चौकट धरली आणि मान आत घातली.

"अहो."

उजेड थांबला. "कोण? तू इथे काय करतेस?"

"खाली या."

"काय झालं?"

सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. तो पाचव्या मजल्याच्या उंचीवर, डब्याच्या टपावर उभा होता. आत्ता सांगितलं आणि त्याचा हात सुटला तर. आई तिकडे आणि हा इथे, दोन्ही आपल्याच तोंडाने. "काही नाही झालं," ती वर बघत म्हणाली. "जेवायची वेळ झाली. सावकाश या. घाई करू नका."

वीस वर्षांत ती कधी त्याला जेवायला बोलवायला कामावर आली नव्हती. वरचं यंत्र घरघरलं. ती मागे सरली. डबा तळघराकडे उतरायला लागला, इतका हळू की आधी तळ दिसला, मग दार, मग टप, आणि टपावर त्याचे बूट. तो खाली उतरला, चिंध्यांनी हात पुसले, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई का?"

तिने सांगितलं. दोघं जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसले. तो चिंधीने एकेक बोट पुसत राहिला, पुसून झालेली बोटं पुन्हा पुसत राहिला.

"तू कुठल्या वाटेने पाठवलं होतंस?"

"खालच्या."

"रोपवे होता ना?"

"होता. मला त्याची भीती वाटली."

"मला विचारायचं होतंस गं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "दोराचं मला कळतं. तो तुटत नाही. दहा माणसं लोंबकळली तरी तुटत नाही. मी सांगितलं असतं."

त्याने शब्द पाळला होता, दुसरं काही म्हणाला नाही. भागूबाई भिंतीकडे बघत राहिली. भीती तिला लहानपणापासून ओळखीची होती, पण ती सगळी पुढची असायची: असं झालं तर, तसं झालं तर. ही होऊन गेलेल्या गोष्टीची होती. तिच्यासाठी काही तयारी करता येत नव्हती. पोटात काहीतरी सारखं खाली खाली जात होतं आणि तळ लागत नव्हता. त्यांनी आणखी फोन केले. शोध घेणाऱ्यांनी सांगितलं, तीन माणसं मिळाली आहेत, ओळख पटायची आहे, त्यात एक बाई आहे. वय अजून सांगता येत नाही. त्यानंतर दोन तास कुणी काही सांगितलं नाही. कचेरीतले लोक जेवून जिन्याने वर गेले. जाताना त्यांच्याकडे बघत, लिफ्ट कधी सुरू होणार असं कुणीतरी विचारलंसुद्धा.

सव्वातीनला तिच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर 'आई' असं आलं. तिला तो उचलता येईना. दुसऱ्या कुणीतरी त्या फोनवरून केला असेल, कोटाच्या खिशातली चिठ्ठी वाचून. नवऱ्याने फोन तिच्या हातातून घेतला, कानाला लावला, आणि ऐकत राहिला. मग त्याने तो तिच्या कानाला लावला.

"चव्वेचाळीस," सासूबाई म्हणत होत्या. "चव्वेचाळीस वेळा फोन केलास? अगं, घर जळलं का?"

"आई, कुठे आहात?"

"पार्लरमध्ये. केस रंगवून घेतले. इथे फार थाट आहे बघ, आत शिरतानाच मोबाइल एका पेटीत ठेवून घेतात, शांतता हवी म्हणून. मग चेहऱ्याला काहीतरी फासलं, गरम टॉवेल ठेवला, मला झोपच लागली. भोंगा वाजला तेव्हा मला वाटलं बाराचा असेल. आत्ता बाहेर आले तर रस्त्यावर ही गर्दी."

"पण आज गुरुवार. साडेदहाला खालची वाट. वहीत..."

चौतीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिलेल्या बाईलाही हे वाक्य जोडायला वेळ लागला.

"भागू, रागावू नकोस. वही फार सुंदर आहे. पण तिसऱ्या दिवशीपासून मी ती खिडकीच्या फटीत लावलीय. तिथून वारा यायचा."

भागूबाई त्या पायरीवर बसल्या जागी रडली. रडता रडता ती हसायला लागली, आणि नवऱ्याला त्यातलं कुठलं काय ते कळेना, म्हणून त्याने नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या केसांना वंगण लागलं ते दोन दिवस गेलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. शनिवारी लॉजच्या मालकिणीचा फोन आला. खालच्या वाटेवरच्या दोन प्रवाशांचे मृतदेह मिळाले होते. गुरुवारी मिळालेली ती बाई वाचली होती. आणि चहाघरवाला दवाखान्यात होता. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. त्याचा एक हात बर्फाबाहेर राहिला होता, म्हणून तो सापडला.

"तो चहाघरात नव्हता का?" भागूबाईने विचारलं.

"नाही ना. कुणीतरी म्हातारी येणार होती म्हणे, टेबल ठेवलं होतं. ती आली नाही, म्हणून हा बघायला वाटेवर उतरला."

भागूबाईने फोन ठेवला आणि ती कितीतरी वेळ ओट्याशी उभी राहिली. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते तिने मोजलं नाही. असं कधी झालं नव्हतं.

नवऱ्याला तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कडा काही तू पाडला नाहीस."

"बाहेर येऊन बघा, असं मीच म्हटलं होतं त्याला. फोनवर. माझ्या तोंडाने."

नवरा उठला आणि गॅस बंद आहे का ते स्वतः बघून आला.

सासूबाई तीन आठवडे पुरे करून परतल्या. केस तांबूस झाले होते. त्या दवाखान्यात चहाघरवाल्याला चारदा भेटून आल्या होत्या आणि त्याच्याकडून पत्त्यांचा एक डाव शिकून आल्या होत्या. भागूबाईने त्यांच्यापुढे सगळं कबूल केलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी जाल तेव्हा त्यांना माझा निरोप सांगाल का? मी माफी मागितली म्हणून."

"नाही सांगणार," सासूबाई म्हणाल्या. "आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी दुसऱ्यांना जोडून दिली मी. आता रिटायर झालेय. बोलायचं असेल तर स्वतः चल."

म्हणून बर्फ वितळायच्या दिवसांत, सासूबाईंच्या दुसऱ्या खेपेला, भागूबाई त्या गावात गेली. रस्ते ओले होते, दुकानांच्या काचेत घड्याळं आणि लोकरीचे कोट होते, आणि छपरांवरून सारखं काहीतरी ठिबकत होतं. चहाघर पडलं होतं. चहाघरवाल्याने रोपवेच्या वरच्या टोकाला पत्र्याची एक टपरी मांडली होती. खालची वाट बंद होती. वर जायचं तर डब्यातूनच.

डब्यात ती खाली बसली, बाकावर नव्हे, फरशीवर. हातांनी बाकाचा पाय धरला आणि डोळे मिटले. डबा निघाला. खांब ओलांडताना डबा हिंदकळायचा, आणि प्रत्येक वेळी तिच्या तोंडून बारीक आवाज निघायचा, मांजराच्या पिल्लासारखा. समोरच्या दोन फॅशनेबल बायका तिच्याकडे बघत होत्या. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "सून आहे माझी. घाबरते. पण आलीय."

टपरीत चार खुर्च्या होत्या. चहाघरवाला कुबडी टेकून किटली उतरवत होता. ठेंगणा, टक्कल पडलेला माणूस. तिने नमस्कार म्हटला. तो आवाज ऐकताच त्याने वर बघितलं.

"खुर्चीला पाठ आहे का, असं विचारणाऱ्या तुम्हीच ना?"

"हो," भागूबाई म्हणाली. तिने वाटेत पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं, कुठेही न थांबता. रोपवेची भीती, खालची वाट, सव्वा अकरा, बाहेर येऊन बघाल का. त्याने ते पुरतं ऐकून घेतलं. मग किटली खाली ठेवली.

"खरं सांगू? महिनाभर मी तुमच्यावर चिडलेला होतो. दवाखान्यात पडल्या पडल्या तुमचा तो आवाज आठवायचा आणि चिडायचो. मग भावाने चहाघराचे फोटो आणून दाखवले. मागची भिंत आत आली होती. चुलीपाशी मी उभा असतो ती. तेव्हापासून कुणावर चिडावं ते कळत नाहीये. त्या दोघांना मी रोज चहा द्यायचो, जे गेले ते."

भागूबाईला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकीने दुसरी पुसली जात नव्हती. तिने खुर्ची ओढली आणि ती बसली.

तेवढ्यात छपरावरून वितळत्या बर्फाचा एक मोठा गठ्ठा धप्पकन खाली पडला. भागूबाई दचकून उभी राहिली. आणि तिने बघितलं, चहाघरवालाही उभा राहिला होता, कुबडीशिवाय, एका पायावर, टेबलाची कड घट्ट धरून. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मी जरा शिखरं बघून येते," त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

तो हळूहळू खाली बसला. कपाळ पुसलं. "हे कुणाला सांगितलं नाही मी अजून," तो म्हणाला. "बायकोलाही नाही. पत्र्यावर काही वाजलं की असं होतं. तुम्हाला कधीपासून आहे?"

"मला जन्मापासून."

"मग जातं कसं?"

"जात नाही," भागूबाई म्हणाली. "तुम्हाला आधी कुठे येते? मला पोटात येते, मग तळपायांना."

"मला कानात येते," तो म्हणाला, आणि त्याने दोघांसाठी चहा ओतला.